गोळ्या घ्यायला जाल, तेव्हा ही तपासणीही करून या

२०१० सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. घनसावंगी तालुक्यातल्या एका खेड्यातून एक बाई माझ्या जालन्यातल्या दवाखान्यात आल्या. वय अडतीस-एकोणचाळीस. नवरा ट्रक चालवायचा. तो २००३ मध्ये एड्सने गेला. बाईंनाही एचआयव्हीची लागण होती, पण २००७ पासून सरकारी केंद्रातून मोफत मिळणाऱ्या गोळ्या त्या नेमाने घेत होत्या. वजन वाढले होते, मजुरीला जात होत्या, दोन मुलांची शाळा चालू होती. माझ्याकडे येण्याचे कारण अगदी नेहमीचे होते.

"मॅडम, अंगावरून पांढरं लई जातंय. कंबर धरती."

मी गोळ्यांची चौकशी केली, मुलांची चौकशी केली आणि पांढरे जाण्यावर औषध लिहून दिले. दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. मी औषध बदलून दिले. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि आता दोन पाळ्यांच्या मध्येही रक्त जात होते. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा तपासणीच्या टेबलावर घेतले. गर्भाशयाच्या तोंडाशी फुलकोबीसारखी गाठ वाढलेली होती. हात लावताच रक्त आले. पुढचे सगळे मला त्याच क्षणी कळले.

बाईंना मोठ्या रुग्णालयात पाठवले, विजेचे शेक दिले. दीड वर्षाने त्या गेल्या. ज्या एचआयव्हीची सगळ्यांना धास्ती होती, त्याने त्या गेल्या नाहीत. पाच मिनिटांच्या तपासणीने वेळीच सापडला असता अशा कॅन्सरने गेल्या. आणि ती पाच मिनिटे पहिल्या भेटीत मी दिली नव्हती.

बाईंची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. चूक मात्र जशीच्या तशी लिहिली आहे. रुग्णाने "मला एचआयव्ही आहे" म्हटले की आम्हा डॉक्टरांना तेवढेच दिसते, बाकीची बाई दिसेनाशी होते. म्हणून आजचा लेख एचआयव्हीसह जगणाऱ्या भगिनींसाठी आहे. बाकीच्यांनीही तो वाचावा, कारण हा कॅन्सर कोणत्याही स्त्रीला होऊ शकतो.

हा कॅन्सर होतो कशाने?

गर्भाशयाला आपण बोलीत पिशवी म्हणतो. पिशवीचे खालचे टोक योनिमार्गात उघडते. ते गर्भाशयमुख, म्हणजे पिशवीचे तोंड. तिथे होणारा कर्करोग भारतात दरवर्षी सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना होतो आणि सुमारे ऐंशी हजार स्त्रिया त्याने दगावतात, असा २०२२ सालचा जागतिक अंदाज आहे.

याचे मूळ एचपीव्ही नावाच्या विषाणूत आहे. जर्मनीचे शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३ मध्ये या कॅन्सरच्या पेशींत तो दाखवून दिला. त्याबद्दल २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एचपीव्ही आणि एचआयव्ही ही नावे सारखी वाटली तरी हे दोन वेगळे विषाणू आहेत, त्यांची गल्लत करू नका.

एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो. तो इतका सर्रास आढळतो की संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होऊन जाते. त्याचा आणि चारित्र्याचा काही संबंध नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काही थोड्या जणींत मात्र ठाण मांडून बसतो. मग पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. या बदलांचा कॅन्सर व्हायला साधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात. म्हणजे रोग अडवायला निसर्गाने आपल्याला भरपूर मुदत दिलेली आहे. आपण ती वाया घालवतो.

एचआयव्ही असला की काय बिघडते?

एचआयव्ही शरीराची प्रतिकारशक्ती पोखरतो. राखणदारच दुबळा झाला की एचपीव्हीला हाकलणार कोण? तो टिकून राहतो आणि बदल भराभर होतात. प्रतिकारशक्ती खालावलेली असेल आणि उपचार चालू नसतील, तर १५-२० वर्षांची मुदत ५ ते १० वर्षांवर येते. इतर स्त्रियांच्या तुलनेत एचआयव्ही असलेल्या स्त्रीला या कॅन्सरचा धोका सुमारे सहा पट असतो. म्हणूनच १९९३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने पसरलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा समावेश एड्सच्या लक्षणसूचक आजारांत केला.

१९९० च्या दशकात आमच्या हातात एचआयव्हीवर देण्यासारखे फारसे काही नव्हते. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी औषधे सुरू केली आणि चित्र पालटले. आज वेळेवर निदान झाले आणि गोळ्या रोज घेतल्या, तर एचआयव्ही असलेली बाई सुनांचा आणि नातवंडांचा संसार पाहते. गोळ्यांनी प्रतिकारशक्ती सावरते आणि या कॅन्सरचा धोकाही कमी होतो. म्हणून गोळी एक दिवसही चुकवू नका. पण गोळी एचपीव्हीला मारत नाही. शिवाय गोळ्या सुरू होण्याआधी जे बदल होऊन गेले, ते तसेच राहिलेले असू शकतात. आयुष्य वाढले तशी हा कॅन्सर वाढायला मिळणारी वर्षेही वाढली. गोळ्यांनी वाचवलेला जीव दुसऱ्या दाराने जाऊ द्यायचा नसेल, तर ते दार वेळोवेळी तपासायला हवे.

मराठवाड्याने जगाला दिलेला धडा

"हे सगळं मुंबई-पुण्याच्या बायकांसाठी असतं," असे मला पुष्कळदा ऐकवले जाते. खरे तर या बाबतीतला एक मोठा पुरावा आपल्याच मराठवाड्यातून आला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडण्यात आले. १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार निरोगी स्त्रियांना या अभ्यासात घेण्यात आले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र या कामात होते. काही गटांत एचपीव्हीची तपासणी झाली, काहींत इतर तपासण्या झाल्या. एका गटात मात्र नेहमीची सेवा तेवढी चालू ठेवली. आठ वर्षांनी हिशेब मांडला. नेहमीच्या सेवेवर ठेवलेल्या गटात या कॅन्सरने ६४ स्त्रिया दगावल्या होत्या. जिथे आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी झाली, तिथे ३४. एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल या अभ्यासावर पुढे टीकाही झाली. पण ज्यांचे जीव गेले, त्यांनी शिकवलेला धडा तरी आपण वाया घालवू नये.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने दुसरा प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्या हातून साधी तपासणी करवली. एकूण दीड लाख स्त्रिया या अभ्यासात होत्या. जिथे दर दोन वर्षांनी तपासणी झाली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे दर वेळी मोठा डॉक्टर आणि मोठे यंत्र लागतेच असे नाही.

एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना अशी साधी तपासणी उपयोगी पडते का, हा प्रश्न पुण्यात तपासला गेला. अकराशेहून अधिक अशा स्त्रियांचा हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. साधने तुटपुंजी असतील तिथे आम्लाची आणि त्यानंतर आयोडीनची तपासणी, हा मार्ग सर्वांत सोयीचा आहे आणि परवडू लागताच एचपीव्हीची तपासणी आणावी, असा त्याचा निष्कर्ष होता.

आफ्रिकेतल्या झांबिया या गरीब देशाने तर २००६ पासून अशी तपासणी एचआयव्हीच्या दवाखान्यांना जोडूनच सुरू केली. काम परिचारिका करतात. शंका आली तर पिशवीच्या तोंडाचे छायाचित्र काढून डॉक्टरांचा सल्ला घेतात. बाई गोळ्यांसाठी येते, तिथेच तिची तपासणीही होते. मला ही कल्पना फार शहाणपणाची वाटते. आपल्या भगिनीही गोळ्यांसाठी मंठा, परतूर, भोकरदनहून एसटीने येतात. त्या दिवसाची मजुरी बुडालेलीच असते. तपासणीसाठी आणखी एक दिवस बुडवायला सांगितले, तर ती कशी येणार?

तपासणी कशी होते?

भीती बहुतेक वेळा अज्ञानाची असते, म्हणून टप्प्याटप्प्याने सांगते.

आम्लाची तपासणी, म्हणजे व्हीआयए: बाईला टेबलावर झोपवून योनिमार्गात छोटे उपकरण ठेवतात, म्हणजे पिशवीचे तोंड दिसते. त्यावर सौम्य आम्लाचा बोळा लावतात. हे आम्ल म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये असते तेच. मिनिटभर थांबायचे. बदललेला भाग पांढरा पडतो, निरोगी भाग गुलाबीच राहतो. थोडे चुणचुणते, पण भूल लागत नाही, टाका नाही, की इंजेक्शन नाही. निकाल तिथल्या तिथे कळतो.

पॅप तपासणी: पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हलकेच खरवडून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निकालाला काही दिवस लागतात.

एचपीव्हीची तपासणी: मऊ ब्रशने नमुना घेऊन त्यात विषाणू आहे का ते पाहतात. ही सर्वांत भरवशाची. यात बाईला स्वतःचा नमुना स्वतः घेता येतो, त्यामुळे लाजणाऱ्या भगिनींची मोठी सोय होते. ती अजून सगळीकडे मिळत नाही. जिथे मिळेल तिथे ती करावी. मिळत नसेल, तर तिची वाट पाहत बसू नये, आम्लाची तपासणी करून घ्यावी.

सर्वसाधारण स्त्रियांनी तिशीपासून तपासणी करावी, असे सरकारी धोरण आहे. एचआयव्ही असलेल्या स्त्रीने मात्र पंचविशीपासून सुरुवात करावी आणि दर तीन वर्षांनी ती पुन्हा करावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा सल्ला आहे. एचपीव्हीची तपासणी निर्दोष आली, तर तीन ते पाच वर्षांचे अंतर चालते. तुमच्या डॉक्टरांनी याहून लवकर बोलावले, तर जावे. पाळी चालू असताना तपासणी नको. आदल्या दोन दिवसांत संबंध किंवा योनिमार्गात ठेवायची औषधे टाळावीत.

डाग सापडला तर?

डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, हे प्रथम ध्यानात ठेवा. बहुधा ती कॅन्सरच्या आधीची पायरी असते. गरज वाटली तर तिथला छोटा तुकडा तपासतात. मग तो भाग अतिशीत वायूने गोठवतात, तापलेल्या सळीने जाळतात किंवा विजेच्या तारेच्या वेढ्याने काढून टाकतात. यांतले बहुतेक उपचार काही मिनिटांत होतात आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.

पहिल्या बाईंचे दुःख पचवल्यावर मी एक नियम केला. एचआयव्ही असलेली स्त्री कोणत्याही तक्रारीसाठी येवो, ही तपासणी तिला सुचवायचीच. या नियमात काही वर्षांनी अंबड तालुक्यातली ३१ वर्षांची एक मुलगी सापडली. ती आली होती सर्दी-खोकल्यासाठी. अंगावरून जाणे, कंबरदुखी, काहीच तक्रार नव्हती. आम्ल लावले तर मुखावर पांढरा डाग. तुकडा तपासला, कॅन्सरपूर्व बदल निघाले. विजेच्या तारेने तेवढा भाग काढून टाकला. टेबलावरून उतरताना तिने विचारले, "मॅडम, सोमवारी सोयाबीन काढायला जाऊ का?"

मी तिला सांगितले ते सर्वांसाठीच लिहिते. काही दिवस विश्रांती घ्या, जड ओझे उचलू नका. पाण्यासारखा स्राव काही आठवडे जाईल, त्याला घाबरू नका. महिना-दीड महिना संबंध टाळा. ताप आला, घाण वास सुटला किंवा जास्त रक्त गेले, तर लगेच या. एचआयव्ही असलेल्यांत असे बदल पुन्हा होण्याचा संभव जास्त असतो, म्हणून उपचारानंतर वर्षाने आणि त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा, अशा दोन तपासण्या अजिबात चुकवू नका. ती मुलगी दोन्ही वेळा आली. दोन्ही तपासण्या निर्दोष निघाल्या.

पिशवी काढून टाकणे हा उपाय नव्हे

आपल्या भागात एक वेगळीच पद्धत रुजली आहे. अंगावरून पांढरे गेले की "पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल" अशी भीती घातली जाते आणि धडधाकट बाईची पिशवी काढली जाते. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासनाच्या समितीने ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची माहिती घेतली. त्यांत १३,८६१ स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. ऊसतोडीला आपल्या जिल्ह्यातूनही कुटुंबे जातात, आणि हा रोग तालुक्याची शीव पाहून थांबत नाही.

पांढरे जाणे म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकदा तो साधा जंतुसंसर्ग असतो आणि औषधाने बरा होतो. पण औषध देण्याआधी पिशवीचे तोंड डोळ्यांनी पाहिले पाहिजे. माझी चूक नेमकी हीच होती. न पाहता गोळ्या देणे जितके चूक, तितकेच न पाहता पिशवी काढायला सांगणेही चूक. कोणी ऑपरेशन सुचवले, तर शांतपणे विचारा: "आधी तोंडाची तपासणी केली का? तिचा कागद दाखवा." आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

कुठे जावे?

गोळ्या घेता त्या एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाला "माझी पिशवीच्या तोंडाची तपासणी कुठे होईल?" एवढाच प्रश्न विचारा. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात आणि स्त्री रुग्णालयात चौकशी करा. गावातल्या आशाताईंनाही विचारता येईल. उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्याला जवळ आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे, म्हणून शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत ठेवा.

"गावात कळलं तर?" ही भीती मला ठाऊक आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीविना तुमची लागण कोणालाही सांगता येत नाही आणि लागण आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. मनात शंका असेल, तर १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मालक वारून दहा वर्षे झाली. आता संबंध नाही. तरी तपासणी हवी का?*
हवी. एचपीव्ही वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो. विधवा भगिनी "आता मला काय करायचंय" म्हणून मागे राहतात आणि नेमक्या त्याच उशिरा सापडतात.

*काही त्रास नाही, मग कशाला?*
सुरुवातीच्या बदलांत त्रास होतच नाही. मधेच रक्त जाणे, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जाणे, घाण वासाचे पाणी जाणे, ही बहुधा उशिराची लक्षणे आहेत. ती असतील, तर आजच दवाखाना गाठा.

*मुलीला लस द्यावी का?*
अवश्य. एचपीव्हीची लस ९ ते १४ वयात, संबंध येण्याआधी, सर्वांत गुणकारी ठरते. पुण्याच्या सीरम संस्थेने बनवलेल्या भारतीय लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. मुलीला एचआयव्ही असेल, तर एक मात्रा पुरत नाही. निदान दोन आणि शक्यतो तीन मात्रा लागतात. लस घेतली तरी पुढे तपासणी करायचीच.

शेवटचे दोन शब्द

घरातल्या पुरुषांना आणि सासूबाईंना माझी विनंती आहे. बाई गोळ्यांसाठी निघाली की "लवकर ये" म्हणता, त्याऐवजी "तपासणी करूनच ये, घरचं आम्ही बघतो" एवढे म्हणा. आणि माझ्या डॉक्टर बंधुभगिनींना सांगणे असे, की पांढरे जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईला टेबलावर घेतल्याशिवाय कागदावर पेन टेकवू नका. घनसावंगीच्या त्या बाई माझ्याकडे तीन वेळा आल्या होत्या. येण्यात त्यांनी काही कसूर केली नव्हती.